हायड्रोजन बॉम्ब बनवणारा शास्त्रज्ञ क्षेपणास्त्र अडवणाऱ्या ढालीच्या विरोधात का होता?

मे २०२५ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांनी 'गोल्डन डोम'चा आराखडा जाहीर केला. अख्ख्या अमेरिकेवर क्षेपणास्त्रांपासून वाचवणारं छत्र उभारायचं आणि त्यासाठी १७५ अब्ज डॉलर खर्च करायचे. त्याच वर्षी १५ ऑगस्टला पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी लाल किल्ल्यावरून 'मिशन सुदर्शन चक्र'ची घोषणा केली. २०३५ पर्यंत देशातल्या महत्त्वाच्या ठिकाणांना हवाई हल्ल्यांपासून संरक्षण देणारी यंत्रणा उभी करायची, असं ते मिशन.

ऐकायला दोन्ही गोष्टी भारी वाटतात. शत्रूनं क्षेपणास्त्र सोडलं, आपण ते वरच्या वर उडवलं, विषय संपला. कुणावर हल्ला करायचा नाही, फक्त स्वतःला वाचवायचं. यात वाईट वाटण्यासारखं काय आहे?

साधारण साठ वर्षांपूर्वी हाच प्रश्न सोव्हिएत रशियातल्या एका शास्त्रज्ञासमोर आला होता. आपलंच सरकार अशी ढाल बांधत असताना त्यानं ती बांधू नका म्हणून सांगितलं. वीस वर्षांनी अमेरिका तशीच ढाल बांधायला निघाली, तेव्हा त्यानं आपल्या सरकारला तिला घाबरू नका असं सांगितलं. दोन्ही वेळेस त्याचा हिशोब एकच होता. आणि हा माणूस काही कबुतरं उडवणारा शांततावादी नव्हता. सोव्हिएत हायड्रोजन बॉम्बचा जनक म्हणून जग त्याला ओळखतं.

नाव आंद्रेई साखारोव.

काडतुसांच्या कारखान्यातून थेट गुप्त शहरात

साखारोव यांचा जन्म २१ मे १९२१ चा, मॉस्कोतला. वडील फिजिक्सचे शिक्षक. फिजिक्सवर पुस्तकं लिहायचे, पियानोही वाजवायचे. पोरानं वडिलांचा विषय उचलला आणि १९३८ मध्ये मॉस्को विद्यापीठात प्रवेश घेतला.

तीन वर्षांत हिटलरच्या फौजा रशियात घुसल्या. विद्यापीठ तिथून हलवून मध्य आशियातल्या अश्गाबादला नेण्यात आलं. साखारोव यांनी १९४२ मध्ये तिथेच पदवी घेतली आणि उल्यानोव्स्कच्या काडतुसांच्या कारखान्यात नोकरीला लागले. चिलखत भेदणाऱ्या गोळ्यांचा गाभा नीट तयार झालाय की नाही, हे तपासणारं उपकरण त्यांनी तिथे बनवलं. याच कारखान्यात त्यांची क्लावदिया यांच्याशी ओळख झाली आणि १९४३ मध्ये दोघांनी लग्न केलं.

युद्ध संपत आलं तेव्हा ते मॉस्कोला परतले आणि इगोर ताम या मोठ्या शास्त्रज्ञाच्या हाताखाली संशोधन करू लागले. १९४८ मध्ये ताम यांच्या गटाला एक गुप्त काम मिळालं. काम होतं हायड्रोजन बॉम्बचं.

१९५० मध्ये साखारोव सारोव नावाच्या गावी गेले. हे गाव नकाशावरून पुसून टाकलेलं होतं. भोवती काटेरी तारांचं कुंपण, आत देशातले सगळ्यात हुशार शास्त्रज्ञ. साखारोव तिथे जवळपास अठरा वर्षं राहिले.

त्यांनी सुचवलेल्या रचनेचा पहिला बॉम्ब १२ ऑगस्ट १९५३ ला फुटला. ताकद ४०० किलोटन, म्हणजे हिरोशिमावर टाकलेल्या बॉम्बच्या पंचवीसपट तरी. त्याच वर्षी वयाच्या ३२ व्या वर्षी ते सोव्हिएत विज्ञान अकादमीचे पूर्ण सदस्य झाले. पुढे 'समाजवादी श्रमवीर' हा देशातला सर्वोच्च नागरी सन्मान त्यांना तीन वेळा मिळाला. बंगला, गाडी, पैसा, अंगरक्षक, सगळं मिळालं.

तेव्हा त्यांना आपण चुकीचं काम करतोय असं वाटत नव्हतं. अमेरिकेकडे बॉम्ब आहे, मग आपल्याकडेही हवा, म्हणजे दोघंही एकमेकांना घाबरून राहतील. तराजू समान राहिला तर युद्ध होणार नाही, यावर त्यांचा विश्वास होता.

मेजवानीतला अपमान

२२ नोव्हेंबर १९५५ ला आणखी मोठा बॉम्ब फुटला, १.६ मेगाटनचा. चाचणी यशस्वी झाली, पण स्फोटाच्या धक्क्यानं दूरवर एक दोन वर्षांची मुलगी आणि एक सैनिक ढिगाऱ्याखाली मेले.

त्या रात्री मेजवानी होती. पहिला पेला उचलायचा मान साखारोव यांना मिळाला. आपले बॉम्ब असेच चाचणीच्या मैदानावर फुटोत, शहरांवर कधीच न फुटोत, अशी इच्छा त्यांनी बोलून दाखवली. त्यावर तिथल्या सर्वात मोठ्या लष्करी अधिकाऱ्यानं, मार्शल नेदेलिन यांनी एक अश्लील किस्सा सांगितला. त्याचा मतलब सरळ होता. बॉम्ब बनवणं तुमचं काम, तो कुठे टाकायचा ते आम्ही बघू.

ही गोष्ट साखारोव यांना लागली आणि शेवटपर्यंत विसरता आली नाही.

पुढे त्यांनी हिशोब मांडायला सुरुवात केली. हवेत केलेल्या प्रत्येक चाचणीतून किरणोत्सर्ग पसरतो, त्यानं पुढच्या पिढ्यांमधले किती लोक मरतील याचं गणित त्यांनी केलं. आकडा हजारांत येत होता. १९६१ मध्ये चाचण्या पुन्हा सुरू करू नका अशी चिठ्ठी त्यांनी थेट ख्रुश्चेव यांना पाठवली. ख्रुश्चेव यांनी भर जेवणावळीत त्यांना झापलं. राजकारण आमच्यावर सोडा, असा त्याचा सूर होता.

गंमत म्हणजे त्याच वर्षी ३० ऑक्टोबरला फुटलेल्या ५० मेगाटनच्या 'झार बॉम्ब'च्या रचनेत साखारोव स्वतः होते. विरोधही करायचा आणि कामही करायचं, अशा कात्रीत ते बरीच वर्षं होते.

१९६३ मध्ये मात्र एक गोष्ट जमली. जमिनीखालच्या चाचण्या बाजूला ठेवून हवा, पाणी आणि अंतराळातल्या चाचण्यांवर बंदी घालण्याचा मार्ग त्यांनी आपल्या मंत्र्याला सुचवला होता. तसा करार मॉस्कोत झाला. आत राहून बोललं तर कधीकधी ऐकलं जातं, हे त्यांना पटलं.

मग आला ढालीचा प्रश्न

साठच्या दशकात सोव्हिएत युनियननं मॉस्कोभोवती क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणा उभारायला घेतली. शत्रूचं क्षेपणास्त्र येताना दिसलं की त्याच्यावर दुसरं क्षेपणास्त्र सोडायचं. तेव्हाची नेमबाजी आजच्याइतकी अचूक नव्हती, म्हणून अडवणाऱ्या क्षेपणास्त्रावरही अणुबॉम्बच बसवलेला असायचा.

जून १९६७ मध्ये अमेरिकेतल्या ग्लासबरो इथे राष्ट्राध्यक्ष जॉन्सन आणि सोव्हिएत पंतप्रधान कोसिगिन भेटले. अमेरिकेचे संरक्षणमंत्री मॅकनमारा यांनी प्रस्ताव ठेवला की दोघांनीही अशा ढाली बांधायच्या नाहीत. कोसिगिन भडकले. लोकांचे जीव घेणारी शस्त्रं चालतात आणि जीव वाचवणारी चालत नाहीत, हे कुठलं लॉजिक, असा त्यांचा सवाल होता.

सामान्य माणसाला कोसिगिन यांचंच पटेल. साखारोव यांना पटलं नाही. कारण सारोवमध्ये ते आणि त्यांचे सहकारी या विषयावर आधीपासून गणितं करत होते. त्यातून दोन गोष्टी निघाल्या होत्या.

पहिली गोष्ट, ढाल फोडणं हे ढाल बांधण्यापेक्षा कितीतरी स्वस्त आहे. खंड ओलांडून येणारं क्षेपणास्त्र साधारण अर्ध्या तासात पोहोचतं आणि त्यातला बराच वेळ ते अंतराळात असतं. तिथे हवा नाही. त्यामुळे जड बॉम्ब आणि चंदेरी कागदाचा हलका फुगा एकाच वेगानं पुढे जातात. शत्रूनं एका बॉम्बसोबत पन्नास फुगे सोडले तर खरा कोणता आणि खोटा कोणता, हे रडारला सांगता येत नाही. फुग्याचा खर्च किरकोळ, तो पाडायला जाणाऱ्या क्षेपणास्त्राचा खर्च अफाट. त्यात अडवण्यासाठी वर केलेल्या अणुस्फोटानं आपलंच रडार आंधळं व्हायची भीती वेगळी.

दुसरी गोष्ट जास्त धोक्याची. दोन शत्रू एकमेकांना घाबरून शांत बसलेत. त्यातल्या एकानं ढाल बांधायला घेतली की दुसऱ्याला वाटतं, हा आता निवांत हल्ला करेल आणि आपलं उत्तर ढालीवर झेलेल. मग तो गप्प बसत नाही. दुप्पट क्षेपणास्त्रं बनवतो, एकाच क्षेपणास्त्रावर तीन-चार बॉम्ब बसवतो. तणाव वाढलाच तर आपण आधी मारलेलं बरं, असा विचार करायला लागतो. म्हणजे ढाल बांधणाऱ्याचा हेतू चांगला असला तरी शेवटी भाले वाढतात.

२१ जुलै १९६७ ला साखारोव यांनी पक्षातले बडे नेते सुस्लोव यांना गुप्त पत्र पाठवलं. अमेरिकेचा प्रस्ताव स्वीकारा, हा त्यात आग्रह होता. या विषयावर वर्तमानपत्रात लेख लिहिण्याची परवानगीही त्यांनी मागितली. परवानगी मिळाली नाही.

एका लेखानं नोकरी गेली

मग साखारोव यांनी बाहेर बोलायचं ठरवलं. १९६८ मध्ये त्यांनी एक मोठा निबंध लिहिला. त्यात क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणेचा मुद्दा होताच. शिवाय अण्वस्त्रांचा धोका टाळायचा तर लोकांना विचार करायचं आणि बोलायचं स्वातंत्र्य हवं, असं त्यांनी मांडलं. ज्या देशात सरकारला प्रश्न विचारता येत नाही, तिथे शस्त्रांचे चुकीचे निर्णय कुणीच रोखू शकत नाही, हे ते अनुभवातून सांगत होते.

निबंधाच्या प्रती हातोहात फिरल्या, देशाबाहेर गेल्या. २२ जुलै १९६८ ला 'न्यूयॉर्क टाइम्स'नं तो छापला. जगाला पहिल्यांदा समजलं की सोव्हिएत बॉम्ब बनवणारा माणूस असा विचार करतो.

साखारोव यांना गुप्त कामावरून काढण्यात आलं. सारोवचे दरवाजे बंद झाले. पुढच्या वर्षी पत्नी क्लावदिया कॅन्सरनं गेल्या. साखारोव यांनी आपली सगळी बचत कॅन्सर हॉस्पिटल उभारण्यासाठी आणि रेड क्रॉसला देऊन टाकली.

इकडे ढालीचं काय झालं? अमेरिकेतही हाच वाद पेटला होता. हान्स बेथे यांच्यासारखे शास्त्रज्ञ तिथे साखारोव यांच्यासारखेच मुद्दे मांडत होते. १९६९ मध्ये अमेरिकन सिनेटमध्ये 'सेफगार्ड' या यंत्रणेवर समसमान मतं पडली आणि उपराष्ट्राध्यक्षांच्या एका मतावर ती तगली.

पण २६ मे १९७२ ला मॉस्कोत निक्सन आणि ब्रेझनेव यांनी एबीएम करारावर सह्या केल्या. प्रत्येकानं फक्त दोन ठिकाणी ढाल ठेवायची, तीही प्रत्येकी १०० क्षेपणास्त्रांची. दोन वर्षांनी दोनाचं एकच ठिकाण झालं. पाच वर्षांपूर्वी ज्या प्रस्तावावर कोसिगिन भडकले होते, जवळपास तोच सोव्हिएत युनियननं मान्य केला. साखारोव यांचं पत्र केराच्या टोपलीत गेलं, पण त्यातला हिशोब दोन्ही देशांना मान्य करावा लागला.

अमेरिकेनं तर नॉर्थ डकोटातलं आपलं एकमेव ठिकाण १ ऑक्टोबर १९७५ ला पूर्ण सुरू केलं आणि दुसऱ्याच दिवशी कनिष्ठ सभागृहानं ते बंद करण्यासाठी मतदान केलं. काही महिन्यांत त्याला टाळं लागलं.

दाराबाहेर पोलीस, घरात उपोषण

साखारोव आता पूर्णवेळ मानवी हक्कांसाठी लढत होते. १९७२ मध्ये त्यांनी येलेना बोनर यांच्याशी लग्न केलं. १९७५ मध्ये त्यांना शांततेचं नोबेल मिळालं. सरकारनं त्यांना जाऊ दिलं नाही, म्हणून ऑस्लोत येलेना यांनी ते स्वीकारलं. त्या दिवशी साखारोव लिथुआनियात एका मित्रावर चाललेल्या खटल्यासाठी गेले होते.

डिसेंबर १९७९ मध्ये सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात घुसल्या. साखारोव यांनी उघड विरोध केला. २२ जानेवारी १९८० ला त्यांना मॉस्कोच्या रस्त्यावर पकडून विमानानं गोर्की शहरात नेण्यात आलं. तिथे परदेशी माणसाला यायला बंदी होती. फ्लॅटच्या दाराबाहेर चोवीस तास पोलीस बसलेला. फोन नाही. आत्मचरित्राचं हस्तलिखित चोरीला गेलं, त्यांनी ते पुन्हा लिहिलं, ते पुन्हा चोरीला गेलं.

येलेना यांना हृदयाच्या उपचारासाठी परदेशी जाऊ द्यावं म्हणून ते उपोषणाला बसले. त्यांना हॉस्पिटलमध्ये बांधून जबरदस्तीनं अन्न भरवलं गेलं. असं जवळपास सात वर्षं चाललं.

रेगन यांचं 'स्टार वॉर्स' आणि एक फोन

२३ मार्च १९८३ ला अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी टीव्हीवरून मोठी घोषणा केली. अंतराळातूनच क्षेपणास्त्रं पाडणारी यंत्रणा बनवायची आणि अण्वस्त्रं निकामी करून टाकायची. लोकांनी तिला 'स्टार वॉर्स' नाव ठेवलं. एकमेकांना मारण्याच्या धमकीवर शांतता टिकवण्यापेक्षा लोकांचे जीव वाचवणं जास्त नैतिक आहे, असा रेगन यांचा युक्तिवाद होता. सोळा वर्षांपूर्वी कोसिगिन हेच म्हणत होते.

सोव्हिएत नेत्यांची झोप उडाली. ऑक्टोबर १९८६ मध्ये आइसलंडच्या रेक्याविकमध्ये रेगन आणि गोर्बाचेव भेटले. अण्वस्त्रं प्रचंड कमी करण्यावर दोघं जवळपास एकमत झाले होते. पण आधी 'स्टार वॉर्स'चं काम प्रयोगशाळेपुरतं ठेवा, अशी गोर्बाचेव यांची अट होती. रेगन यांनी नकार दिला आणि बोलणी फिसकटली.

दोन महिन्यांनी, १५ डिसेंबरच्या संध्याकाळी गोर्कीतल्या त्या फ्लॅटवर अचानक माणसं आली आणि फोन बसवून गेली. दुसऱ्या दिवशी फोन वाजला. पलीकडे खुद्द गोर्बाचेव होते. तुम्ही मॉस्कोला परत येऊ शकता, असा निरोप होता.

साखारोव परतले. आता त्यांनी सरकारच्या सुरात सूर मिसळला असता तर उरलेलं आयुष्य निवांत गेलं असतं. फेब्रुवारी १९८७ मध्ये मॉस्कोत अण्वस्त्रमुक्त जगासाठी एक आंतरराष्ट्रीय परिषद भरली. सुटकेनंतरची त्यांची ही पहिली मोठी सभा. तिथे त्यांनी सरकारी भूमिकेच्या विरोधात मत मांडलं.

'स्टार वॉर्स' चालणार नाही, म्हणून त्याला घाबरून करार अडवू नका, हे त्यांचं सांगणं होतं. त्यांनी या यंत्रणेची तुलना फ्रान्सच्या माजिनो तटबंदीशी केली. फ्रान्सनं जर्मनीला रोखायला सीमेवर अफाट खर्चून किल्ले बांधले होते आणि १९४० मध्ये जर्मन फौजा त्यांना वळसा घालून बेल्जियममधून आत आल्या. अंतराळातल्या ढालीचंही तसंच होईल, ती फोडणं तिच्या खर्चापुढे स्वस्तच पडेल, मग ती थांबवण्यासाठी अण्वस्त्रकपात कशाला अडकवून ठेवायची? परिषदेतल्या सोव्हिएत शास्त्रज्ञांनी त्यांना विरोध केला.

२८ फेब्रुवारीला गोर्बाचेव यांनी जाहीर केलं की मध्यम पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांचा करार 'स्टार वॉर्स'च्या अटीपासून वेगळा करण्यात येतोय. याचं सगळं श्रेय साखारोव यांना देता येणार नाही, गोर्बाचेव यांचे सल्लागारही त्याच दिशेनं विचार करत होते. पण ही गोष्ट देशात सगळ्यांसमोर बोलून दाखवायची हिंमत त्यांनी केली. ८ डिसेंबर १९८७ ला करार झाला आणि पुढच्या काही वर्षांत दोन्ही देशांनी मिळून २,६९२ क्षेपणास्त्रं नष्ट केली.

'स्टार वॉर्स'चं काय झालं? दहा वर्षांत साधारण ३० अब्ज डॉलर खर्च झाले. १९९३ मध्ये योजनेचं नाव बदललं. अंतराळात लेझर कधीच बसला नाही.

दोन बॉम्बवाले समोरासमोर

'ओपनहायमर' पिक्चर पाहिला असेल तर एडवर्ड टेलर आठवत असतील. अमेरिकन हायड्रोजन बॉम्बचे जनक आणि 'स्टार वॉर्स'चे सगळ्यात मोठे पुरस्कर्ते. नोव्हेंबर १९८८ मध्ये साखारोव पहिल्यांदा अमेरिकेला गेले, तेव्हा वॉशिंग्टनमध्ये टेलर यांच्या सन्मानाची मेजवानी होती. साखारोव तिथे पोहोचले. दोघं आधी एकांतात भेटले. मग साखारोव बोलायला उभे राहिले. टेलर यांच्याबद्दल आदर व्यक्त केला आणि त्याच भाषणात, टेलर यांच्या चाहत्यांसमोर, ही ढाल ही मोठी चूक आहे असं सांगितलं.

१९५५ मध्येही मेजवानीच होती. तेव्हा एका किस्स्यानं साखारोव गप्प झाले होते.

१९८९ मध्ये ते सोव्हिएत संसदेवर निवडून आले. १४ डिसेंबर १९८९ ला, दुसऱ्या दिवशीच्या चर्चेची तयारी सुरू असताना, वयाच्या ६८ व्या वर्षी त्यांचं निधन झालं.

आज हा हिशोब कुठे लागतो?

२००२ मध्ये अमेरिका एबीएम करारातून बाहेर पडली. उत्तर कोरियासारख्या देशांच्या मोजक्या क्षेपणास्त्रांसाठी ढाल हवी, हे कारण होतं. अलास्का आणि कॅलिफोर्नियात मिळून ४४ क्षेपणास्त्रं बसवली गेली. रशियाची हजारावर अण्वस्त्रं अडवायला ती पुरणारच नाहीत. तरीही मार्च २०१८ मध्ये पुतिन यांनी ढालीला चकवणारी नवी शस्त्रं दाखवली आणि अमेरिकेनं करार मोडल्याचंच कारण पुढे केलं.

साखारोव यांचा मुद्दा सगळ्याच ढालींना लागू होत नाही. छोटी रॉकेट आणि ड्रोन पाडणारी यंत्रणा दहापैकी नऊ पाडते, तेव्हा बरेच जीव वाचतात. निसटलेल्या एकानं एखादी इमारत पडते. अणुबॉम्बच्या बाबतीत निसटलेल्या एकानं अख्खं शहर जातं. शिवाय समोरचा तुमच्याइतकाच तगडा असेल तर तो ढाल बघून हातावर हात ठेवून बसत नाही.

त्यामुळे कुठल्याही देशानं नवी ढाल जाहीर केली की साखारोव यांचे दोन प्रश्न विचारायला हरकत नसते. ही फोडायला समोरच्याला किती खर्च येईल? आणि ही बघून तो उद्या सकाळी काय करायला घेईल?